अंगण पाहिले, खोल्या राहिल्या : घरविक्रीतील दोष आणि हनफी फिक्ह

घर विकताना भिंतीतली बारीक भेग, पावसाळ्यात ओल धरणारा कोपरा गिऱ्हाइकाला सांगावा की नाही, या प्रश्नाचा विचार हनफी फिक्हने फार पूर्वी केलेला आहे. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहंमद (स.) यांनी आतली ओल शोधली आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे विक्रेत्यास विचारले, हा ‘सहीह मुस्लिम’मधील प्रसंग सर्वपरिचित आहे. घराचे प्रकरण मात्र ढिगाइतके सोपे नाही.

इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) यांच्या मते घराचे अंगण पाहिले की घर पाहिल्यासारखेच. मग ‘पाहिले नव्हते’ म्हणून सौदा मोडता येत नाही. त्यांचे शिष्य इमाम जुफर (मृत्यू 775) यांना हे पटले नाही. खोल्यांत शिरल्याखेरीज पाहणे पुरे होत नाही, असे त्यांचे म्हणणे. चार शतकांनंतर ‘हिदाया’कार बुरहानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू 1197) यांनी यावर दिलेला निर्णय इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा. पूर्वी घरे एकसारखी असत म्हणून अंगण पुरे होते. आता घराघरांत फरक पडला आहे, तेव्हा आत जाणे आवश्यक. बांधणी बदलली म्हणून हुकूम बदलला! फिक्ह गोठलेली आहे, असे सरसकट म्हणणाऱ्यांना हे पान माहीत नसावे.

हा झाला ‘खियार-ए-रूयत’. दोषासाठी ‘खियार-ए-ऐब’ वेगळा. व्यापाऱ्यांच्या रिवाजानुसार ज्यामुळे किंमत उतरते तो ऐब. म्हणजे दोष किरकोळ आहे की नाही, हे ठरविणे विक्रेत्याच्या हाती राहत नाही. न सांगितलेला ऐब निघाल्यास गिऱ्हाइकाने घर परत करावे किंवा ठरल्या किमतीत ठेवून घ्यावे. घर ठेवून पैसे कापून मागण्याची मुभा साधारणतः नाही. सौद्याच्या वेळीच दोष सांगितला असेल तर तक्रारीचा हक्क उरत नाही. प्रामाणिक विक्रेत्याला याहून मोठे संरक्षण कोणते?

तथापि ‘सर्व दोषांपासून मी मुक्त’ अशी अट घालून केलेली विक्रीही हनफींनी वैध मानली, दोष एकेक करून सांगितले नसले तरी. शाफई मत याविरुद्ध आहे, आणि घरापुरते तेच अधिक न्याय्य वाटते.

वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने चार्ल्स हॅमिल्टनने केलेला ‘हिदाया’चा इंग्रजी अनुवाद 1791 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1872 च्या करार कायद्याने नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असे सर्वसाधारण तत्त्व ठेवले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 ने मात्र स्थावराच्या विक्रेत्यावर, करारात वेगळे ठरले नसेल तर, महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन घातले. मात्र तो दोष विक्रेत्यास माहीत, गिऱ्हाइकास अज्ञात आणि साधारण काळजी घेऊनही न सापडणारा हवा. ‘महत्त्वाचा’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेले नाही. उघडी भेग पाहणे गिऱ्हाइकाचे काम. चुन्याचा हात फिरवून झाकलेल्या भेगेचा जाब विक्रेत्याने द्यायचा.