क्युपर्टिनोची शिरगणती: आकड्यांत आपण कुठे?

गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास निघतो: "क्युपर्टिनोत आपली मराठी माणसं किती असतील हो?" प्रत्येकाचा अंदाज वेगळा. सरकारी आकडे चाळले तर या गावाबद्दल बरंच कळतं, पण नेमकं हेच कळत नाही. असं का, ते इथे देत आहोत.

जर्दाळू, चेरी आणि प्लमच्या बागांचं हे गाव १९५५ साली शहर झालं. १९६० च्या जनगणनेत वस्ती चार हजारांच्याही आत होती. २००० साली ती ५०,५४६ झाली, २०१० मध्ये ५८,३०२ आणि २०२० मध्ये ६०,३८१. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत जेमतेम दोन हजारांची भर! याच दशकात, २०१७ मध्ये, अ‍ॅपल पार्क सुरू झालं, तरीही. जनगणना माणसाला तो बहुतेक रात्री जिथे झोपतो तिथे मोजते, कामाला जातो तिथे नाही. घरांच्या किमती पाहता ऑफिस क्युपर्टिनोत आणि बिऱ्हाड दूर कुठेतरी, हे आपल्यातल्या अनेकांना सांगायला नको.

२००० साली गावात निम्मे गोरे आणि सुमारे ४४ टक्के आशियाई होते. २०१० पर्यंत आशियाई ६३ टक्क्यांवर गेले आणि त्यात पाचातल्या एकाहून अधिक रहिवासी भारतीय वंशाचे. हे आज मोजता येतं, कारण १९८० पासून फॉर्मवर 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना चक्क गोऱ्यांत धरलं होतं!

वयाचे आकडेही बोलके आहेत. २०१० मध्ये चारातला एकाहून अधिक रहिवासी अठरा वर्षांखालचा, पण १८ ते २४ वयाचे जेमतेम पाच-सहा टक्के. शाळांसाठी कुटुंबं येतात आणि मुलं कॉलेजला गेली की त्यांची गणती तिकडे होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांची गंमत निराळी. दर दहा वर्षांच्या जनगणनेत पाहुण्यांना धरत नाहीत, पण दरवर्षी होणाऱ्या 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'त दोन महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर धरतात.

भाषेचा प्रश्न असतो तो या सर्व्हेतच. २०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर तो नव्हताच. सर्व्हे मात्र दरवर्षी देशातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवरच जातो. ६५ हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी एका वर्षाचे सविस्तर आकडे न देता पाच वर्षांचे मिळून देतात, आणि क्युपर्टिनो त्यातच बसतं. वर नमुना लहान म्हणून गावपातळीवर भाषांची मोट बांधतात. देशपातळीच्या नेहमीच्या तक्त्यात निदान 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक' असा रकाना सापडतो. गावाच्या तक्त्यात मराठी थेट 'इतर इंडो-युरोपियन'मध्ये जाते, हिंदी, गुजराती, फारसी आणि इटालियनच्या पंगतीला. शेजारचे तेलुगू कुटुंब 'इतर आशियाई व पॅसिफिक बेटे' या भलत्याच रकान्यात!

देशभराचा सविस्तर तक्ता ब्यूरोने अधूनमधून काढला आहे. २००९ ते २०१३ च्या पाहणीत घरी मराठी बोलणारे सुमारे ७३ हजार निघाले. आम्हाला हा आकडा कमी वाटतो. भाषेच्या ओळीवर सोयीसाठी 'हिंदी' लिहिणारी मराठी घरं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची आहेत, आणि तिथे जे लिहाल तेच मोजलं जातं.

तेव्हा हा फॉर्म घरी आलाच तर तो रद्दीत टाकू नका. तो भरणं कायद्याने बंधनकारक आहे आणि उत्तरं गुप्त राहतात. भाषेचा प्रश्न पाच वर्षांवरच्या प्रत्येकासाठी वेगळा असतो: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती? आपल्या नावापुढे 'मराठी' लिहिणं सोपं आहे. मुलांच्या नावापुढे काय लिहायचं, ते मात्र त्यांनाच विचारून लिहा.