जुहूवर राज्य करणारे तटबंद नगर : वसई

जुहूच्या वाळूवर सायंकाळी फिरणाऱ्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असते की हे गाव एकेकाळी बेट होते. ओहोटीच्या वेळी मधला उथळ पट्टा पायी ओलांडून साष्टीवर जाता येई. पोर्तुगीज या बेटाला ‘जुवें’ म्हणत. त्याचा आणि सबंध साष्टीचा कारभार दोनशे वर्षे चालला तो वसईच्या तटांआडून.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. हुमायूनच्या स्वारीचे सावट डोक्यावर असताना केलेला हा सौदा होता. पुढे तेथे जे उभे राहिले त्याला लोक ‘वसईचा किल्ला’ म्हणतात. वस्तुतः ते तटबंद शहरच होते. एक दरवाजा समुद्राकडे, दुसरा जमिनीकडे. आत उमरावांचे वाडे, रस्ते, रुग्णालय आणि प्रत्येक धर्मसंघाचे आपापले चर्च व मठ.

१५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला. १६४० पर्यंत वसईत कारभार पोर्तुगीजांचा, राजा मात्र स्पेनचा. किल्ल्यात फिरताना हे ध्यानी ठेवावे, कारण डोमिनिकन मठाचे चर्च (१५८३) आणि संत जोसेफच्या कॅथेड्रलची १६०१ मधील पुनर्बांधणी ही दोन्ही कामे याच कालखंडातली. कॅथेड्रलचा मनोरा अजून उभा आहे. छत केव्हाच गेले. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पावले आपोआप मंदावतात, कारण तिथली जमीनच कोरीव थडग्यांच्या शिळांची आहे. ज्यांनी आपली नावे दगडात कोरून घेतली, त्यांच्यावरूनच चालावे लागते.

जेझुइटांच्या चर्चशी मात्र एका वसईकराची कथा जोडलेली आहे. गोन्सालो गार्सिया याचे वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकून तो जपानला गेला, पण त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही. व्यापार करीत तो मनिलाला पोहोचला. तेही स्पॅनिशांचे तटबंद नगर! तिथे फ्रान्सिस्कनांनी त्याला आपलेसे केले. जपानी भाषा येत असल्यामुळे १५९३ मध्ये दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत हिदेयोशीच्या हुकमाने पंचवीस सहकाऱ्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. जेझुइटांनी ज्याला नाकारले, त्याचाच सण आज त्यांच्या जुन्या चर्चमध्ये साजरा होतो.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, आणि साष्टीबरोबर जुहूचेही धनी बदलले. वसईला आणखी दोन वर्षे लागली. चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडला. दोन्ही बाजूंनी माणसे मोठ्या संख्येने पडली आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना सामानासह सन्मानाने जाऊ देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभाही तहात होती. या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही पाहता येतात. इतिहासप्रेमींची चर्चा बहुधा या घंटांपाशीच थांबते.

पण तटांच्या आतले नगर हळूहळू ओस पडले, आणि ज्यांना तटाबाहेर ठेवले होते ते शेतकरी, कोळी, कारागीर टिकले. पापडी, रमेदी, निर्मळ, नंदाखाल या गावांतील चर्चमध्ये आजही मिस्सा होते, तीही मराठीतून. घराघरांत सामवेदी आणि वाडवळी बोली ऐकू येतात. याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

जुहूला १८५३ मध्ये चर्च बांधले गेले, तेव्हा वसई सोडून पोर्तुगीजांना शतकाहून अधिक काळ लोटला होता. तेही संत जोसेफचेच. विलेपार्ल्याहून विरार लोकल धरली की भाईंदरनंतर खाडीचा पूल येतो आणि नायगावपुढचे स्थानक वसई रोड. तिथून किल्लाबंदरची बस मिळते.