आधी सांगून येणारा राक्षस

तेरुक्कूत्तूत, म्हणजे उत्तर तमिळनाडूच्या गावांतून रात्रभर चालणाऱ्या खेळात, राक्षस एकदम अंगावर येत नाही. दोन माणसं आधी एक कापड ताणून धरतात. कापडामागून घुंगरं वाजतात, गाणं सुरू होतं, वरच्या काठावरून किरीट डोकावतो. बाहेर उभा असतो कट्टियक्कारन, अर्धा विदूषक आणि अर्धा निवेदक. तो विचारतो : कोण आलंय? कुठला राजा? आतून दुर्योधन आपलं नाव, कूळ आणि पराक्रम सांगतो. एवढं झाल्यावरच कापड हटतं. तोवर पुढ्यात बसलेल्या पोराला कोण येणार, आवाज केवढा असणार, सगळं ठाऊक झालेलं असतं.

स्वमग्न आणि आवाज-उजेडाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी आज जगभर जे ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ होतात, त्यांचं मर्म मला या कापडात सापडतं.

या प्रयोगांचा छापील इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेत 2007 साली एका चित्रपटगृह-साखळीने दिवे थोडे चालू आणि आवाज कमी ठेवून खास खेळ सुरू केले. 2 ऑक्टोबर 2011 रोजी ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा पहिला ऑटिझम-स्नेही प्रयोग झाला. आवाज उतरवला, डोळ्यांवर येणारे झगमगते दिवे काढले, लॉबीत शांत कोपरे ठेवले. लंडनमध्येही त्याच सुमारास ही चाल रुजली.

या चालीचं मूळ शोधणारे बहुतेक जण दिव्यांपाशी जातात. प्रेक्षागृहात अंधार करून प्रेक्षकांना गप्प बसवायची रीत जुनी नाही. 1876 साली बायरॉइथला वाग्नरच्या नाट्यगृहात जवळपास पूर्ण काळोख झाला. तोही म्हणे ठरवून नव्हे. गॅसच्या दिव्यांची जोडणी ऐनवेळी झाली आणि ते हवे तेवढे ठेवताच आले नाहीत. तेव्हा रिलॅक्स्ड प्रयोग म्हणजे वाग्नरने मालवलेले दिवे पुन्हा लावणं, असा हा पक्ष. तो आकर्षक आहे, पण मला अर्धाच पटतो. दिवे लावले तरी तोफेचा बार अचानक झाला की मूल कान झाकून दाराकडे पळणारच. त्याला उजेडाहून जास्त हवी असते आगाऊ खबर.

हे ओळखलं मिशिगनच्या एका शिक्षिकेने. कॅरोल ग्रे यांनी 1991 च्या सुमारास ‘सोशल स्टोरी’ हा प्रकार रूढ केला : पुढे काय घडणार आहे, हे साध्या वाक्यांत मुलाला आधीच सांगणारी छोटी गोष्ट. नाट्यगृहांनी तीच उचलली. हे दार, ही खुर्ची, इथे दिवे जातील, इथे ढोल वाजेल, नको वाटलं तर या दाराने बाहेर जाता येईल. सोबत फोटो. आता हे कट्टियक्कारनच्या प्रश्नोत्तरांशेजारी ठेवून पाहा.

हा कट्टियक्कारन आला कुठून? काही जण त्याला थेट संस्कृत नाटकातल्या सूत्रधार-विदूषकांच्या घरात घालतात. मला तो दरबारातून आलेला वाटतो. तमिळमध्ये ‘कट्टियम’ म्हणजे राजाच्या स्वारीपुढे ललकारायची बिरुदावली. म्हणजे हा आपला भालदार-चोपदार. राजा येण्याआधी राजा येतोय हे सांगणं, हेच त्याचं काम. ही रीत मराठी माणसाला परकी नाही. तंजावरच्या भोसल्यांपैकी शाहजीराजांच्या काळात (1684–1712) तिथे मराठी नाटकं लिहिली गेली. त्यांची हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तंजावरजवळच्या मेलट्टूरच्या तेलुगू भागवत मेळ्यात आजही आधी कोणंगी हा विदूषक नाचत येतो, मागाहून देव-दानव. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या सांगलीतल्या खेळातही आधी सूत्रधार आणि विदूषक, मग गणपती. तमिळ, तेलुगू, कन्नड, मराठी या सगळ्या अंगणांतून हा आगाऊ वर्दी देणारा माणूस फिरलेला आहे, असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप जबरदस्त आहे. जुने खेळ कुठे सौम्य होते? कूत्तूतली सनईसारखी मुखवीणा कानात घुसते, आणि आपल्याकडच्या राक्षसांच्या आरोळ्यांवरून तर भाव्यांच्या धाटणीच्या नाटकांना ‘अललडुर्र’ हेच नाव पडलं. खरं आहे. पण तिथे दार नव्हतं, तिसरी घंटा नव्हती, रांगेतून उठताना कुणाचे गुडघे आड येत नव्हते. मूल मागे सरकायचं, आईच्या मांडीवर झोपायचं, पहाटे पुन्हा पुढे यायचं. किती जवळ बसायचं हे त्याच्या हातात होतं. ग्रे यांनी कूत्तूवरून काही घेतलं, असं मी म्हणत नाही. गरज एक, म्हणून उपाय एक.

चेन्नईत या दोन्ही धारा शेजारी नांदतात. ना. मुत्तुसामींनी 1977 साली स्थापलेल्या कूत्तुप्पट्टरैने तेरुक्कूत्तू शहरी रंगमंचाशी जोडला. आयेशा राव यांनी 1991 साली ‘द लिटिल थिएटर’ सुरू केलं. त्यांचा नाताळचा पँटोमाइम एग्मोरच्या म्युझियम थिएटरात, 1896 च्या वास्तूत, होत आला आहे. पँटोमाइममध्ये मुलांनी ओरडायचंच असतं. गप्प बसा म्हणणारा तिथे चुकीचा ठरतो. याच संस्थेचे विदूषक एग्मोरच्या सरकारी बालरुग्णालयात आजारी मुलांकडे जातात. रुग्णालयातल्या विदूषकगिरीची पहिली शिस्त म्हणजे दारात थांबायचं आणि आत येऊ का, हे मुलाला विचारायचं. त्याने मान हलवली नाही तर परत फिरायचं. कट्टियक्कारनची ललकारी इथे हळू आवाजात होते, इतकाच फरक.

सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लावणाऱ्या मराठी निर्मात्यांना माझी विनंती आहे. ‘अलबत्या गलबत्या’सारख्या नाटकातली चेटकीण धूर आणि गडगडाटात जरूर येऊ द्या. पण तिकिटासोबत एक पान द्या : ती कितव्या मिनिटाला येते, तेव्हा किती अंधार होतो, बाहेर जायचं दार कोणतं, परत आत येता येईल का. आणि पडदा उघडण्याआधी चेटकिणीच्या नटाला दोन मिनिटं, अर्ध्या रंगभूषेत, मुलांसमोर उभं करा. त्याला फारसा खर्च येत नाही.