फोटो जागेवर पाहण्याची सोय: घासलेल्या काचेपासून टॅब्लेटपर्यंत

डिजिटल कॅमेऱ्याशेजारी टॅब्लेट ठेवून शूट करण्याची पद्धत २०१० नंतर रुळली. कॅमेऱ्याने टिपलेला फोटो केबलने किंवा वायफायने काही सेकंदांत टॅब्लेटवर येतो आणि फोटोग्राफरखेरीज आर्ट डायरेक्टर, मेकअप करणारे, जाहिरात देणाऱ्या कंपनीचा माणूस असे सगळेच तो मोठ्या आकारात पाहतात. साधन नवे आहे, पण त्यामागची गरज फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. मांडणी मोडण्यापूर्वी आणि माणसे घरी जाण्यापूर्वी फोटो मनासारखा आला की नाही हे कळले पाहिजे. ही गरज त्या त्या काळात कशी भागवली गेली आणि फोटो सर्वांत आधी कोणाच्या नजरेस पडत गेला, यातच या पद्धतीचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या पेटीच्या कॅमेऱ्याला मागच्या बाजूस घासलेली काच असे. भिंगातून आलेले दृश्य तिच्यावर उलटे, खाली डोके वर पाय असे पडे आणि डावे-उजवेही बदललेले असे. उजेडात ते दिसत नसल्याने फोटोग्राफर डोक्यावर काळे कापड घेई. कापडाखाली एकाच माणसाला जागा होती. समोर बसलेला संस्थानिक असो की गोरा साहेब, काचेवर आपण कसे दिसतो हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय काचेच्या जागी प्लेट सरकवली की फोटोग्राफरलाही काही दिसत नसे. प्रत्यक्ष फोटो निघतो त्या क्षणी सगळेच अंधारात.

निकाल मात्र लगेच मिळे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवरचा लेप वाळण्यापूर्वीच फोटो घेऊन ती काच धुवावी लागे. म्हणून डार्करूम कॅमेऱ्याबरोबर फिरे. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढण्यासाठी १८५५ मध्ये गेलेल्या रॉजर फेंटनने दारूविक्रेत्याची घोडागाडी घेऊन तिचीच डार्करूम केली होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी होते. त्या पिढीच्या फोटोग्राफरांची उन्हाळ्यात मोठी धावपळ होई, कारण उष्ण हवेत लेप फारच भरभर वाळतो. पण फोटो बिघडला तर तिथल्या तिथे कळे, काच पुसून नवा लेप चढवता येई. काम अतोनात कष्टाचे होते, अनिश्चितता मात्र कमी होती.

ही जागेवरची खात्री पुढच्या सुधारणांनी घालवली. रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि काही वर्षांत अशा प्लेट कारखान्यांतून तयार मिळू लागल्या. १८८८च्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे आणि ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. फोटो काढणे आणि धुणे ही दोन कामे वेगळी झाली, तशी त्यांच्यामध्ये काही तासांची किंवा काही दिवसांची प्रतीक्षा आली. फोटोग्राफी सोपी झाली ती या मोबदल्यात.

जाहिरात आणि मासिकांच्या कामात रंगीत स्लाइड फिल्म आल्यावर ही प्रतीक्षा फार महाग पडू लागली. निगेटिव्हमधली उजेडाची चूक प्रिंट काढताना बरीच सावरता येते, पण स्लाइडला प्रिंटचा टप्पा नाही. भिंगाचे छिद्र अर्धा स्टॉप चुकले तरी पांढरी साडी जळून जाते किंवा सावळा चेहरा मातकट होतो. त्यावरचे उपाय ठरलेले होते. एकच दृश्य कमी, बरोबर आणि जास्त अशा तीन उजेडांत घ्यायचे. रोलच्या सुरुवातीचा थोडा तुकडा कापून आधी तेवढाच धुवायचा आणि तो पाहून उरलेला रोल किती वेळ धुवायचा ते ठरवायचे. लॅबचा निरोप येईपर्यंत सेट उभा ठेवायचा. दागिन्यांच्या किंवा फर्निचरच्या शूटला हे जमे. वाफाळता पुलाव किंवा तासाच्या भाड्यावर आलेली मॉडेल यांना थांबवून ठेवता येत नसे.

या कोंडीतून वाट काढली ती पोलरॉइडने. या कंपनीचा संस्थापक एडविन लँड याने २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या बैठकीत झटपट फोटोचे प्रात्यक्षिक दाखवले आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीस ठेवला. ग्राहकांनी तो हौसेची वस्तू म्हणून घेतला. व्यावसायिकांना त्यात वेगळेच काही दिसले. अमेरिकन फोटोग्राफर अँसल ॲडम्स लवकरच कंपनीचा सल्लागार झाला. १९६१ मध्ये आलेल्या टाइप ५५ फिल्ममधून प्रिंटबरोबर वापरण्याजोगी निगेटिव्हही मिळे. रंगीत फिल्म १९६३ मध्ये आली. पुढे हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांना नेहमीची फिल्मची पाठ काढून पोलरॉइडची पाठ लावता येऊ लागली. भिंग तेच, दिवे तेच आणि फोटो मिनिटाभरात.

स्टुडिओत या मिनिटाचा एक शिरस्ता पडला होता. सहायक पाठीतून कागदाची पट्टी सरळ, एका दमात ओढी. तिरकी ओढली गेली तर पाठीतल्या दोन रुळांमधून रसायन सारखे पसरत नसे आणि फोटोच्या कोपऱ्यात पांढरा डाग राही. मग घड्याळाकडे पाहायचे, ठरलेला वेळ झाला की वरचा कागद सोलून काढायचा आणि चिकट, हाताला झोंबणारी उरलेली पट्टी कचऱ्यात टाकायची. ८.३ बाय १०.८ सेंटिमीटरच्या त्या कागदावर हॅसलब्लाडचा चौकोन सहा सेंटिमीटरचाच उमटे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी काचतंतूंचा ठोकळा बसवलेली खास पाठ निघाली होती, पण तिच्यातून येणारा फोटो टपाल तिकिटाएवढा, आणि त्यासाठी तितकाच मोठा कागद खर्ची पडे. पांढऱ्या समासात पेनाने छिद्र आणि दिव्यांचे आकडे लिहिले जात. पोलरॉइडचा रंग अंतिम स्लाइडशी कधीच तंतोतंत जुळत नसे. तरुण फोटोग्राफरांना हा फरक मनातल्या मनात वजा करायला शिकावे लागे.

तांत्रिक तपासणीसाठी आलेल्या या तुकड्याने शूटवरची माणसांची मांडणीही बदलली. सोललेला कागद फोटोग्राफरच्या हातातून आर्ट डायरेक्टरकडे आणि तिथून ग्राहकाकडे जाऊ लागला. आधी काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फोटोंचा छोट्या आकारातला एकत्र प्रिंट, समोर येईपर्यंत गप्प बसणाऱ्या माणसांना आता शूट चालू असतानाच मत देता येऊ लागले. कोणी त्या कागदावर सही करून संमती देई, कोणी बाटलीचे लेबल थोडे वळवायला सांगे. टॅब्लेटच्या काळात ज्या गोष्टीचे कौतुक किंवा तक्रार होते, तिची सुरुवात इथे आहे. सिनेमाच्या सेटवरही साधारण याच काळात असाच बदल झाला. विनोदी अभिनेता जेरी लुइसने १९६०च्या ‘द बेलबॉय’च्या वेळी फिल्म कॅमेऱ्याला व्हिडिओ कॅमेरा जोडून आपला अभिनय लगेच पडद्यावर पाहिला. सेटवरच्या मॉनिटरच्या प्रथेचे श्रेय सहसा त्यालाच दिले जाते.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा त्याच्या पाठीवर पडदा नव्हता. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या नमुन्याला दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला टीव्ही जोडावा लागे. १९९१ मध्ये विक्रीला आलेला कोडॅकचा डीसीएस हा निकॉन एफ-३ वर बेतलेला, १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. त्याची २०० मेगाबाइटची डिस्क आणि छोटा कृष्णधवल पडदा वेगळ्या पेटीत होते. ती खांद्याला अडकवून बातमीदार छायाचित्रकाराने फिरावे अशी अपेक्षा होती, आणि फोटोची ओळ टाइप करायला पेटीला कळफलकही जोडता येई. कॅमेरा एकीकडे आणि पडदा दुसरीकडे, ही रचना म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या अगदी पहिल्या पिढीचे लक्षण होय.

स्टुडिओत याहून जड सामान आले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली लीफ कंपनीची चार मेगापिक्सेलची डिजिटल पाठ मॅकिंटॉश संगणकाला जोडल्याशिवाय चालतच नसे. रंगीत फोटोसाठी ती लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीनदा फोटो घेई, म्हणून तिच्यापुढे फक्त न हलणाऱ्या वस्तू ठेवता येत. कॅटलॉगच्या कामाला ती चालली. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून शूट करण्याची म्हणजे टेदरिंगची सवय व्यवसायाला इथून लागली. १९९३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या फेज वन कंपनीचे कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर पुढे या कामासाठी प्रसिद्ध झाले. मासिकाच्या मुखपृष्ठाचे नाव आणि मथळे संगणकावरच्या फोटोवर पारदर्शक थरासारखे ठेवून मॉडेलचे डोके अक्षरांत घुसते का, हे जागेवर पाहता येऊ लागले. अशी तपासणी पोलरॉइडच्या आवाक्याबाहेरची होती.

हातातल्या कॅमेऱ्यावर पाहण्याची सोय मात्र हौशी ग्राहकांच्या बाजारातून आली. १९९५च्या कॅसिओ क्यूव्ही-१० च्या पाठीवर १.८ इंचांचा रंगीत पडदा होता आणि काही वर्षांत तो प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यावर दिसू लागला. निकॉनचा १९९९चा डी-१ दोन इंचांचा पडदा घेऊन आला. फोटो निघाला की नाही हे एवढ्या पडद्यावर कळे, डोळ्याची पापणी टोकदार आहे की नाही हे कळत नसे. शिवाय फोटोग्राफरच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या चार जणांना तो पुरणारा नव्हता. काळ्या कापडाखालची एकट्याची नजर काही अंशी परत आली होती.

स्टुडिओबाहेर मग दोनच पर्याय उरले. पाठीवरच्या छोट्या पडद्यावर भागवायचे किंवा लॅपटॉप, त्यासाठी स्टँड, वीज आणि केबल असे सगळे किल्ल्याच्या पायऱ्यांवर किंवा समुद्रकिनारी न्यायचे. फायरवायरची केबल साधारण साडेचार मीटर आणि यूएसबीची पाच मीटर लांब असली की पुढे संदेश डळमळू लागे. केबलला पाय अडकून कॅमेऱ्याचे सॉकेट तुटणे हा नेहमीचा अपघात. केबल नारिंगी रंगाच्या मिळू लागल्या त्या फॅशन म्हणून नव्हे, जमिनीवर दिसाव्यात म्हणून.

या जागी टॅब्लेट आला. ॲपलचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत आणि जानेवारी २०११ मध्ये भारतात विक्रीस आला. ९.७ इंचांचा पडदा, सुमारे ६८० ग्रॅम वजन आणि दिवसभर पुरेल इतकी बॅटरी. फोटोग्राफरांनी तो प्रथम कामाचे नमुने दाखवण्यासाठी, चामडी अल्बमच्या जागी घेतला. कार्डवरचे फोटो उतरवण्यासाठी वेगळा जोड मिळे, पण तो फक्त नक्कल करी, आणि शूट चालू असताना कार्ड काढून थांबायला कोणाला सवड असते? खरी अडचण फोटो आपोआप पोहोचवण्याची होती आणि ती सोडवली वायफायने. निकॉन आणि कॅननचे महागडे ट्रान्समीटर आधीपासून होते. आय-फाय हे एसडी कार्डच्या आकाराचे वायफाय कार्ड २०११ पासून फोटो थेट फोन-टॅब्लेटकडे पाठवू लागले. कॅप्चर पायलट नावाच्या ॲपमुळे लॅपटॉपवर आलेला फोटो आयपॅडवर दिसे आणि ग्राहक खुर्चीत बसून आवडत्या फोटोंना तारे देई. अँड्रॉइड ३.१ ने २०११ मध्ये टॅब्लेटला यूएसबी उपकरणे जोडण्याची मुभा दिल्यावर कॅननचे कॅमेरे केबलने टॅब्लेटवरून चालवणारे ॲपही निघाले. कॅमरेंजर ही खिशात मावणारी पेटी कॅमेऱ्याला जोडली की शटर, छिद्र आणि फोकस टॅब्लेटवरून चाले. टेबलाच्या बरोबर वर, छताजवळ टांगलेल्या कॅमेऱ्याने थाळीचा फोटो काढणाऱ्यांची तर शिडीच सुटली. कॅनन ६-डीने २०१२ मध्ये वायफाय कॅमेऱ्यातच आणले आणि त्यानंतर वेगळ्या पेट्यांची गरज हळूहळू कमी होत गेली.

कामाची रीत लवकरच ठरली. मूळ रॉ फाइल, वीस-पंचवीस मेगाबाइटची, कॅमेऱ्याच्या कार्डावर राहते आणि तिच्याबरोबर निघालेली छोटी जेपेग तेवढी हवेतून टॅब्लेटवर जाते. त्यामुळे टॅब्लेटवर दिसते ती साक्ष असते, खरा ऐवज नव्हे. ३:२ आकाराचा फोटो ४:३ पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून बसतो. २०१२च्या आयपॅडने बिंदूंची संख्या चौपट करून २०४८ बाय १५३६ केली आणि पापणीचा टोकदारपणा तपासण्याइतका हा पडदा विश्वासाचा झाला. उजेडाच्या बाबतीत मात्र तो फसवाच राहिला. अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्याची चमक पूर्ण ठेवली तर कमी उजेडाचा फोटोही झकास दिसतो, आणि भर उन्हात काचेवर आकाशच दिसते. म्हणून अनुभवी फोटोग्राफर उजेड हिस्टोग्रामच्या आलेखावर तपासतात आणि टॅब्लेटवर मांडणी, चेहऱ्याचे भाव, पदराची चुणी एवढेच पाहतात. गर्दीच्या प्रदर्शनात किंवा मोठ्या हॉटेलात वायफायच्या लहरी एकमेकींत मिसळून फोटो अडकतात, तेव्हा केबल पुन्हा बाहेर निघते.

ग्राहकाच्या हातात पडदा गेल्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. मंजुरी लगेच मिळू लागली, दुसऱ्यांदा शूट करण्याची वेळ क्वचित येऊ लागली. पण पोलरॉइड मोजके असत, टॅब्लेटवर प्रत्येक फोटो जातो, डोळे मिटलेलेही. म्हणून अनेक फोटोग्राफर सगळे फोटो न पाठवता निवडक फोटोच पाठवण्याची सोय वापरतात. कच्चे फोटो दाखवल्याने काम बिघडते, ही त्यांची तक्रार रास्त आहे. लग्नाच्या फोटोग्राफीत टॅब्लेटचा शिरकाव मांडवात फारसा झाला नाही. अंतरपाट दूर होत असताना पडदा पाहायला कोणाला फुरसत नसते. तिथे तो नंतर, अल्बमचे फोटो निवडायला उपयोगी पडला. पूर्वी त्यासाठी प्रिंटचा गठ्ठा घरी नेऊन मागे खुणा कराव्या लागत.

दरम्यान जुने साधन संपत होते. पोलरॉइडने फेब्रुवारी २००८ मध्ये झटपट फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. सोलून काढायच्या फिल्मपैकी फुजीची एफपी-१००सी उरली होती, ती २०१६ मध्ये बंद झाली. टॅब्लेटने पोलरॉइडला हटवले असे म्हणता येत नाही. ते काम लॅपटॉपने आधीच केले होते. टॅब्लेटने लॅपटॉपचे ओझे कमी केले.

२०१८च्या आयपॅड प्रोमध्ये यूएसबी-सी आले आणि पुढच्या वर्षीच्या आयपॅडओएसने बाहेरील कार्ड व डिस्क थेट वाचण्याची सोय दिली. २०२२ मध्ये कॅप्चर वन आयपॅडवर आले आणि त्यानंतर केबलने जोडणीही त्यात आली, म्हणजे जो टॅब्लेट लॅपटॉपचा आरसा होता तो स्वतःच त्याच्या जागी बसू लागला. २०२०च्या टाळेबंदीत ग्राहक सेटवर येऊ शकत नव्हते, तेव्हा शूटचा पडदा इंटरनेटवरून त्यांच्या घरी दाखवण्याची सवय लागली आणि ती पुढेही टिकली. फुजीफिल्मच्या एक्स-एच२एसने फोटो निघताच कॅमेऱ्यातून थेट क्लाउडवर पाठवण्याची व्यवस्था आणली. या व्यवस्थेत फोटो पाहणारा माणूस स्टुडिओत असण्याची अट राहिलेली नाही.