सुंदरलाल अहवालातील गाळलेले प्रकरण

निजामाच्या राज्यातील आपल्या परभणीत मुक्तिसंग्रामाची कथा 17 सप्टेंबर 1948 ला संपते. रझाकारांचे अत्याचार सांगून होतात. पुढचे आठवडे गळतात. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्दच पाहा: सैन्याच्या मोहिमेला पोलिसांचे नाव! नेहरूंच्या सूचनेवरून गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे, मुख्यत्वे मुसलमान, मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडला. सरदार पटेलांनी आक्षेप घेतला, की रझाकारांच्या क्रौर्याकडे अहवालाने डोळेझाक केली. आक्षेप पोकळ नव्हता. पण उणे प्रकरण जोडण्याऐवजी सरकारने अहवालच प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला, तेव्हा 2013 उजाडले होते.