घरी बांधलेली मोटार आणि सरकारी पासिंग



ज्या गावात 1916 सालापासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे, त्या अमळनेरात वसंत ऋतूच्या व्याख्यानांना संतवाङ्मय आणि वेदान्त हेच विषय शोभतात. आम्ही आज बोलणार आहोत ते मोटारीविषयी, आणि तीही भंगारातून बांधलेल्या मोटारीविषयी. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. त्यामुळे आमच्या विवेचनाला ग्रीजचा वास आला, तर तो गोड मानून घ्यावा.

आमच्या ओळखीचे एक नाना आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी गिरणीत फिटर म्हणून काढली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षे खपून त्यांनी एक चारचाकी बांधली. सांगाडा चौकोनी लोखंडी नळ्यांचा, इंजिन मोडीत निघालेल्या रिक्षाचे, स्टिअरिंग जुन्या मोटारीचे. ब्रेक मात्र त्यांनी कोरे करकरीत विकत आणले. "पळायचे काम उसने चालेल, थांबायचे काम उसने नको," असे ते म्हणत. हेतू एवढाच, की गुडघ्यांनी जेर झालेल्या बायकोला शेतापर्यंत नेता यावे.

पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे नानांना ठाऊक होते. म्हणून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून, वर ताडपत्री बांधून आम्ही एका परिवहन कचेरीत गेलो. अर्जात 'उत्पादकाचे नाव' असा रकाना होता. नानांनी तेथे शांतपणे स्वतःचे नाव लिहिले. कारकून सज्जन होता. त्याने या नमुन्याच्या मान्यतेचा दाखला मागितला. नाना म्हणाले, "दाखला कुठला असणार? गाडी बाहेर आहे, बघा तरी." तो म्हणाला, "आजोबा, गाडी बघायचा कागदच आमच्याकडे नाही." ताडपत्री न सोडताच आम्ही परत आलो.

परतीच्या वाटेवर आम्ही सरकारला पुष्कळ बोल लावले. पण घरी आल्यावर मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तोच आजच्या निबंधाचा विषय आहे. मनुष्याने हाताने बांधलेली गाडी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे सांगण्याची रीत आपल्याकडे कधी होती काय? असल्यास ती कोठे गेली?

प्रथम आमच्याच वर्गाचा कबुलीजबाब देऊ. यंत्राची सरकारी तपासणी ही आम्हा कामगारांच्या हिताची गोष्ट आहे, आणि ती आमच्याच रक्तातून उगवलेली आहे. 1863 साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला आणि माणसे मेली. त्यानंतर 1864 साली बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी तो 1923 साली आला. जर्मनीत मानहाइम शहरी 1865 साली एका मद्याच्या कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला, आणि दुसऱ्याच वर्षी तेथील बॉयलरमालकांनी तपासणीसाठी संस्था काढली. जर्मनीत मोटारी तपासणाऱ्या ज्या संस्था आज जगप्रसिद्ध आहेत, त्यांचे मूळ या बॉयलर तपासणीत आहे. तेव्हा ज्याने बॉयलरच्या इन्स्पेक्टरसाठी मोर्चे काढले, त्याने मोटारीच्या इन्स्पेक्टरला शिव्या देणे बरे नव्हे.

आता मोटारीकडे वळू. देशासाठी पहिला मोटार कायदा 1914 चा, दुसरा 1939 चा. त्या काळी नोंदणी करणारा अधिकारी गाडी समोर आणवून पाही. ब्रेक, दिवे, भोंगा, स्टिअरिंग नियमाप्रमाणे आहेत की नाहीत, हे त्याच्या डोळ्यांनी आणि अनुभवाने ठरे. गाडी कोणत्या कारखान्यातून आली यापेक्षा ती समोर कशी उभी आहे, याला महत्त्व होते. त्या रीतीत दोषही होते; डोळा चुकतो, आणि कधी तो मिटूनही घेतला जातो. पण त्या रीतीमुळे आपल्या महाराष्ट्रात एक नवल घडू शकले.

ते नवल म्हणजे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची 'मीरा' मोटार. शंकररावांपाशी पदवी नव्हती, भांडवल नव्हते. होते ते हातातले कसब. इचलकरंजी हे मागाचे गाव. तेथे यंत्र दुरुस्त करता करता माणूस यंत्र बनवू लागतो. त्यांची पहिली दोन माणसांची छोटी मोटार 1949 साली तयार झाली. पुढची वीसपंचवीस वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बांधत राहिले. इंजिन मागे ठेवले. लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी रबराचा उपयोग केला. बारा हजार रुपयांच्या आसपास सामान्य कुटुंबाला मोटार द्यावी, ही त्यांची जिद्द होती. या गाड्या काही शोभेच्या वस्तू नव्हत्या. त्यांच्यावर नोंदणीचे क्रमांक होते आणि त्या रस्त्यांवर धावल्या. म्हणजे रस्त्याची परीक्षा 'मीरा' देऊ शकली.

मग ती घरोघरी का आली नाही? येथे श्रोत्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. मोटार बांधणाऱ्यापुढे तेव्हा दोन दरवाजे होते. पहिला दरवाजा रस्त्याचा: ही गाडी धोक्याची आहे काय? दुसरा दरवाजा कारखान्याचा: अशा गाड्या काढून विकण्याची परवानगी तुला आहे काय? 1951 च्या उद्योग नियंत्रण कायद्याने दुसऱ्या दरवाजाला दिल्लीचे कुलूप लागले. स्वस्त मोटारीवर 1950 च्या दशकापासून समित्या बसत होत्या, अहवाल येत होते. शंकररावांनी मुंबईपर्यंत गाड्या नेऊन दाखवल्या. पण उत्पादनाचा परवाना त्यांना मिळाला नाही, आणि 'मीरा' नमुन्यांपुढे गेली नाही.

त्याच काळात, 1970 साली, केंद्र सरकारने छोट्या मोटारीसाठी जी इरादापत्रे दिली, त्यांत एक तेव्हाच्या पंतप्रधानांचे पुत्र संजय गांधी यांना मिळाले. त्यांचाही पहिला नमुना दिल्लीतल्या एका गॅरेजात घडत होता. म्हणजे आरंभ दोघांचाही शेडमध्येच! फरक पुढच्या वाटेत होता. त्या 'मारुती' कंपनीचे काय झाले हे जगजाहीर आहे: 1977 साली चौकशी आयोग नेमला गेला, कंपनी मोडीत निघाली, 1981 साली सरकारने नवी कंपनी उभी केली, आणि डिसेंबर 1983 मध्ये जपानी सुझुकीच्या साहाय्याने लोकांची छोटी मोटार रस्त्यावर आली. ती गाडी चांगली होती आणि लाखो कुटुंबांच्या उपयोगी पडली, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण इचलकरंजीच्या कारागिराला एक लहानसा कारखाना काढून पाहण्याची संधी दिली असती, तर देशाचे काय बिघडले असते?

1991 नंतर दुसऱ्या दरवाजाचे कुलूप निघाले. मोटारीला औद्योगिक परवाना लागेनासा झाला. सामान्य माणसाला वाटेल, आता नानांचे दिवस आले! पण मधल्या काळात पहिला दरवाजाच बदलून गेला होता. 1988 चा नवा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला, आणि त्याखालच्या केंद्रीय नियमांतला 126 वा नियम सांगतो, की उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना ठरलेल्या संस्थांपैकी एकीकडून तपासून घ्यावा. यांतल्या दोन प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहेत: नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, वाहन संशोधन केंद्र आणि 1966 साली पुण्यात स्थापन झालेली मोटार संशोधन संस्था. नमुना एकदा मान्य झाला, की त्याच्यासारख्या लक्षावधी गाड्या त्या एका दाखल्यावर रस्त्यावर येतात. परिवहन कचेरीत मग गाडीपेक्षा दाखला बोलतो. आमच्या त्या कारकुनाचे म्हणणे कायद्याने खरे होते!

कारखान्याला ही रीत सोयीची आहे, आणि ग्राहकालाही. पण एकच गाडी बांधणाऱ्याची गत पहा. आज मोटारीच्या नव्या नमुन्याला समोरून धडक देण्याची चाचणी द्यावी लागते. ताशी 56 किलोमीटर वेगाने ती अडथळ्यावर आदळवतात आणि आतल्या पुतळ्यांना किती इजा झाली हे मोजतात. कारखानदार एक गाडी मोडतो आणि एक लाख विकतो. नानांपाशी गाडीच एक. ती पास करून घ्यायची, तर मोडून घ्यायची! तीन वर्षांची मेहनत भिंतीवर आपटायची आणि दाखला घेऊन पायी घरी यायचे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सामान जमवून सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी जीप बांधली. दुचाकीसारखी ती लाथ मारून सुरू होई. डिसेंबर 2021 मध्ये तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, आणि ही गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्ट लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. सौदा उदार होता. पण त्यात एक खंत आहे. त्या कारागिराला बक्षीस मिळाले, परीक्षा मिळाली नाही. आपण केलेले काम कोठे पक्के आहे आणि कोठे कच्चे, हे त्याला सरकारी तपासणीतून कळले नाही. कारागिराला बक्षिसाइतकीच परीक्षेचीही भूक असते.

कोणी म्हणेल, असल्या गाड्या तशाच सोडाव्यात काय? मुळीच नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. पासिंग नाही तर विमा नाही. आणि विमा नसलेल्या गाडीखाली एखादा रोजंदार सापडला, तर त्याच्या विधवेने भरपाई कोणाकडून घ्यावी? हौसेच्या नावाखाली दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क कोणालाही नाही. आमची मागणी परीक्षा काढून टाका अशी नाही. परीक्षेला बसू द्या अशी आहे.

आणि हे अशक्य नाही. इंग्लंडात सुटे भाग आणून घरी मोटार जुळवण्याचा छंद जुना आहे. 1957 ची लोटस सेव्हन ही गाडी तर खरेदीकर वाचावा म्हणून सुट्या भागांच्या रूपात विकली जाई. अशा गाड्यांसाठी तेथे 1998 पासून एकेका वाहनाच्या तपासणीची निराळी पद्धत आली आणि 2009 च्या सुमारास ती अधिक कडक झाली. गाडी धडकवीत नाहीत. तपासनीस ब्रेकची ताकद मोजतो, पट्ट्यांचे खिळे कोठे पक्के केले ते पाहतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते की नाही हे चालवून बघतो, धूर आणि आवाज मोजतो, कोठे अणकुचीदार कड राहिली असल्यास तीही सोडत नाही. पुष्कळ गाड्या पहिल्या खेपेस नापास होतात. पण बांधणाऱ्याच्या हाती दोषांची यादी पडते. तो घरी जातो, दुरुस्ती करतो, पुन्हा येतो. ही यादी हीच खरी गोष्ट! गुरूने पाटीवर मारलेली ती फुली आहे.

इतक्या दूर जायचे नसेल, तर धुळ्याहून आग्रा रस्त्याने बिजासनचा घाट चढून पिथमपूरला चला. तेथे 2007 पासून देशभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या छोट्या गाड्या घेऊन स्पर्धेला येतात. आधी तज्ज्ञ सांगाडा तपासतात, मग ब्रेकची परीक्षा होते. चारही चाके जागीच थांबली पाहिजेत, तरच पुढे सोडतात. ती परीक्षा मैदानापुरती आहे, रस्त्याची नव्हे. पण लहान बांधणाराला तपासता येते, हे तिने सिद्ध केले आहे. विद्यार्थ्याला जे मिळते, ते फिटरला का मिळू नये?

आमच्या संघटनेच्या पेशाला आवडणारे उदाहरण शेवटी ठेवले आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रथम अशाच लहान लहान शेडांतून निघाल्या. 2014 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांना बंदी घातली. तेव्हा नियमांत दुरुस्ती झाली, आणि तीत कारखानदाराच्या बरोबरीने ई-रिक्षांच्या नोंदणीकृत संघटनेलाही स्थान मिळाले. एकट्याला न झेपणारी परीक्षा दहांनी मिळून द्यावी, हे तत्त्व कायद्याने एकदा मान्य केले आहे. गिरणीच्या फाटकावर आम्ही आयुष्यभर जे सांगत आलो, ते याहून निराळे काय होते?

म्हणून आमची सूचना साधी आहे. घरी बांधलेल्या एकेका गाडीसाठी, कमी वेगाची आणि ठराविक अंतराची मर्यादा घालून, तपासणीची एक वेगळी खिडकी उघडावी. फी परवडेल अशी असावी. नापास केले तर दोष लिहून द्यावेत. आणि बांधणाऱ्यांनीही गावोगाव एकत्र यावे, एकमेकांची वेल्डिंग तपासावी, आणि एका सांगाड्याचा नमुना सर्वांच्या नावाने परीक्षेला न्यावा.

नानांची गाडी आजही शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. दर आठवड्याला ते इंजिन सुरू करून पाहतात आणि बंद करतात. परवा आम्ही म्हणालो, "नाना, विकून टाका भंगारात." ते म्हणाले, "भाऊ, नापास झाली असती तर विकली असती. पण तिला अजून कोणी पाहिलेलेच नाही."