विश्रांती की हालचाल : सांध्यांच्या उपचाराचा इतिहास

निखळलेला, मुरगळलेला किंवा सुजलेला सांधा बांधून स्वस्थ ठेवावा की हलवत राहावा, हा वैद्यकातला फार जुना प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि हाड बसवल्यावर झाडांच्या साली व बांबूच्या पट्ट्या बांधण्याचा विधीही दिला आहे. पण ग्रंथ तिथे थांबत नाही. तळहाताला इजा झालेल्या रोग्याने बरे होताना आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले की दगड, असा क्रम त्यात येतो. टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याचे इतके स्पष्ट प्राचीन वर्णन क्वचितच सापडेल. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथातही खांदा बसवल्यावर तो हलक्या हाताने चोळावा असे सांगितले आहे.

सांध्याच्या आत काय असते याचा नीट अभ्यास मात्र अठराव्या शतकात सुरू झाला. लंडनमध्ये विल्यम हंटर यांनी 1743 मध्ये कूर्चेवर निबंध सादर केला. कूर्चेच्या कडेने रक्तवाहिन्यांचे कडे असते हे त्यांनी दाखवले आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही असे बजावले. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर मुख्यतः सांध्यातल्या वंगणद्रवावर पोसला जातो. भार पडला की थरातले पाणी बाहेर येते, भार सुटला की ते पोषण घेऊन आत शिरते. सांधा हललाच नाही तर कूर्चा उपाशी राहते.

एकोणिसाव्या शतकातल्या शल्यचिकित्सकांचा भर तरीही विश्रांतीवर राहिला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (1834–1891) त्यांतले सर्वांत आग्रही. घराणे पिढीजात हाडवैद्यांचे, शिक्षण मात्र रीतसर वैद्यकाचे. विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी बनवलेला पायाचा स्प्लिंट पुढे पहिल्या महायुद्धात मांडीच्या हाडाच्या जखमांसाठी वापरला गेला. टॉमस यांना हटवादी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे येणारे कितीतरी सांधे क्षयाने पोखरलेले असत. प्रतिजैविके नव्हती. अशा सांध्याला स्थिर ठेवणे हाच तेव्हाचा शहाणा उपाय होता. चूक झाली ती हाच नियम साध्या मुरगळण्याला आणि प्रत्येक अस्थिभंगाला लावल्याने. महिनोन्‌महिने बांधलेला गुडघा बरा होई, पण वाकत नसे. मग रोगी हाडवैद्याकडे जाई, तो एका हिसक्यात सांधा मोकळा करी, आणि नाव त्याचे होई. सर जेम्स पॅजेट यांनी 1867 मध्ये हाडवैद्य बरे करतात अशा रुग्णांवरच व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंना सावध केले. पॅरिसमध्ये जुस्त ल्युका-शांपियोनियेर (1843–1913) त्याहून पुढे गेले. अस्थिभंगातही लवकर मालिश आणि हालचाल सुरू करावी, असे त्यांनी ठामपणे मांडले.

हालचालीची बाजू डॉक्टरांपेक्षा व्यायामशिक्षक आणि परिचारिका यांनी अधिक सांभाळली. पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली. तिथून बाहेर पडलेल्यांनी उपचारात्मक व्यायाम युरोपभर नेला. लंडनमध्ये 1894 मध्ये चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना स्थापली. ब्रिटनची आजची फिजिओथेरपिस्टांची संस्था तिच्यातूनच वाढली.

पोलिओने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. लुळे पडलेले पाय स्प्लिंटमध्ये जखडण्याऐवजी गरम ओल्या कापडाने शेकावेत आणि हलवावेत, असे ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी सांगत. 1940 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि त्यांची पद्धत तिथे रुजली. भारतात या आजाराने पंगू झालेल्या मुलांची संख्या मोठी होती. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि 1955 मध्ये हाजी अलीला भौतिक उपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

ज्या धाग्यांवर हे सारे उपचार काम करतात त्यांची रचनाही याच दशकात उलगडली, आणि तीही भारतात. अस्थिबंध, कंडरा आणि सांध्याभोवतालची पिशवी ही मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954–55 मध्ये दाखवले की कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून असतात. दोरीला बळ जसे पिळातून येते, तसेच या धाग्यालाही येते.

सांधा अडकवून ठेवला की या ऊतकात काय बिघडते, हे 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या एकसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून कळले. सशांचे गुडघे काही आठवडे जखडल्यावर धाग्यांमधल्या भागातले पाणी आणि ते धरून ठेवणारे रेणू कमी झाले. धागे जवळ आले, एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचे सरकणे थांबले. आखडलेपणाचे कारण अखेर हाताला लागले. त्याच सुमारास टोरंटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांच्या कूर्चेत बारीक छिद्रे पाडून पाहिले : ज्यांचे सांधे यंत्राने अखंड हलवले गेले त्यांच्या जखमा जखडलेल्या सशांपेक्षा चांगल्या भरल्या. माणसांसाठीही तशी यंत्रे निघाली. गुडघा बदलल्यानंतर त्यांचा फायदा अल्पच असतो, असे नंतरच्या चाचण्यांत आढळले, म्हणून त्यांचा वापर ओसरला. लवकर हालचालीचे तत्त्व मात्र टिकले, आणि आता शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याला उभे केले जाते.

हालचाल हवी हे ठरल्यावर प्रश्न उरला तो किती आणि कशी, याचा. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी हाताने सांधा हलवण्याच्या श्रेणी आखल्या : वेदना असेल तर अगदी हलके झोके, आखडलेपण असेल तर हालचालीच्या टोकाशी जाणारे. पण ताणाचे मर्म ज्यांनी सर्वांत प्रत्ययकारी रीतीने दाखवले ते दोघे शल्यचिकित्सक होते. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर काम करणारे पॉल ब्रँड बोट ओढून सरळ करत नसत. जिथवर ते सहज येईल तिथे प्लास्टर घालत, काही दिवसांनी ते काढून थोडे पुढचे घालत. हिसका दिला तर धागे तुटतात, सूज येते, व्रण धरतो आणि सांधा आणखी आखडतो. हलका ताण बराच काळ राहिला तर पेशी स्वतःच त्या लांबीला साजेसे ऊतक घडवतात. आयोवात इग्नासिओ पोन्सेती यांनी जन्मतः आत वळलेल्या पावलांवर हेच केले. दर आठवड्याला हळुवार फिरवून नवे प्लास्टर, बहुधा पाच-सहा वेळा, मग बहुतेक मुलांत टाचेच्या कंडरेवर एक छोटा छेद. मोठी शस्त्रक्रिया टाळणाऱ्या या पद्धतीकडे जगाने अनेक वर्षे दुर्लक्ष केले. आज भारतातही ती रूढ आहे. पाऊल सरळ झाल्यावर जोडपट्टीचे बूट आधी सुमारे तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि नंतर मूल साधारण चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हे बूट मध्येच सोडून देणे हेच असते, म्हणून आईवडिलांनी ते सोडू नयेत.